सिकलसेल समुपदेशन (धार जिल्हा)
सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचा अर्थ समजावून विवाह व अपत्य यांविषयी कुटुंबाला जाणतेपणी निर्णय घेता यावा, यासाठीचे मार्गदर्शन. भिल्ल, भिलाला या आदिवासी समाजांच्या वस्तीच्या धार जिल्ह्यात (मध्य प्रदेश) त्याला विशेष महत्त्व आहे. विद्राव्यता चाचणीत दोष आढळल्यास एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणाऱ्या चाचणीने खात्री करतात. वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेली) व्यक्ती सहसा निरोगी असते. मात्र आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५%, तर वाहक असण्याची ५०% असते. गर्भाचे निदानही करता येते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी धार जिल्ह्यात राज्यातील एक कोटीवे तपासणी व समुपदेशन कार्ड देण्यात आले. समुपदेशक पर्याय सांगतो. निर्णय कुटुंबाचाच असतो.