मार्जाररक्तातील श्वेतपेशींची ओळख : रंगापासून प्रतिपिंडापर्यंत

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी खेड्यातील एखाद्या मांजराच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरला, तर त्यातील श्वेतपेशींचे प्रकार कसे ओळखावयाचे, या प्रश्नामागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

श्वेतपेशींचे निरनिराळे वर्ग पाउल एर्लिख यांनी १८७९ च्या सुमारास ॲनिलीन रंगांच्या साहाय्याने दाखविले. आम्ल रंग घेणाऱ्या कणांच्या पेशी इओसिनोफिल, अल्कधर्मी रंग घेणाऱ्या कणांच्या बेसोफिल आणि उदासीन रंग घेणाऱ्या कणांच्या न्यूट्रोफिल ठरल्या. मुंबईत १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा ही पद्धत नवीच होती. १९०१ मध्ये विल्यम लीशमन यांनी मिथिल अल्कोहोलातील रंग सिद्ध केला. लेप स्थिर करणे व रंगविणे ही दोन्ही कामे त्याने साधत असल्याने भारतीय प्रयोगशाळांत तो रूढ झाला.

परंतु मनुष्यरक्तावरून बसविलेले नियम मांजरास जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मांजराच्या इओसिनोफिलमधील कण गोल नसून दंडाकृती असतात. बेसोफिलचे कण गडद न दिसता फिकट करडे-जांभळे दिसतात. मोजणीतही असाच धोका आहे. मांजराच्या वाहिन्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश न्यूट्रोफिल भिंतींलगत असतात. जनावर भ्याले की ते प्रवाहात उतरतात, लिंफोसाइटांची संख्याही वाढते आणि निरोगी मांजर रोगी भासते.

रंगाची खरी मर्यादा लिंफोसाइटांच्या बाबतीत उघड झाली. मॅक्स कूपर व रॉबर्ट गुड यांनी १९६५ मध्ये कोंबड्यांवरील प्रयोगांतून त्यांची दोन कुळे वेगळी दाखविली. पुढे ती टी व बी या नावांनी ओळखली गेली. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन्ही सारखीच दिसतात. केलर व मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एकजिनसी प्रतिपिंड निर्माण करण्याची रीत शोधल्यावर पेशीच्या पृष्ठभागावरील खुणांनी त्या ओळखणे शक्य झाले. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात नील्स पेडरसन व जॅनेट यामामोटो यांनी मांजराची प्रतिकारशक्ती खचविणारा विषाणू वेगळा केला. या रोगात सीडी४ खुणेच्या टी पेशी क्षीण होत असल्याने त्यांची स्वतंत्र मोजणी अगत्याची ठरली.

तरीही जुनी पद्धत बाद झाली नाही. प्रतिपिंडांनी मोजणी करण्यास ताजे रक्त व महागडे यंत्र लागते. उलट वेल्ह्यात वाळविलेला लेप पुण्यास नेऊन सावकाश तपासता येतो. त्यावरून न्यूट्रोफिल वाढल्याचे कळेल. कोणते लिंफोसाइट घटले, हे कळणार नाही. हा भेद ध्यानी न घेता काढलेला निष्कर्ष चुकण्याचा संभव मोठा आहे.