१२०२

रिलीजच्या रात्री कॉलवर बसलेल्या निम्म्या पोरांच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत असतो, फक्त कोणी बोलून दाखवत नाही. "एवढा मोठा निर्णय घ्यायला मी कोण?" मला तर पहिली दोन वर्षं रोज वाटायचं, की आज आपलं पितळ उघडं पडणार! म्हणूनच स्टीव्ह बेल्स आणि जॅक गार्मनची गोष्ट मला आवडते.

जुलै १९६९. अपोलो ११ निघायला काही दिवस उरलेत. ह्यूस्टनच्या कंट्रोल रूममध्ये चंद्रावर उतरण्याची रंगीत तालीम चाललीय. गायडन्सची जबाबदारी बेल्सकडे, वय २६. त्याच्या मदतीला मागच्या खोलीत गार्मन, वय २४. म्हणजे आपल्याकडे ज्यांना 'फ्रेशर' म्हणून चहा आणायला पाठवतात, साधारण तीच पिढी.

तालमीत मुद्दाम एक अलार्म टाकला गेला, १२०१. बेल्सला तो माहीतच नव्हता. त्याने घाबरून मोहीम रद्द करायला सांगितलं. नंतरच्या चर्चेत सिम्युलेशनचे प्रमुख डिक कूस यांनी स्पष्ट सुनावलं: कॉम्प्युटर आपलं मुख्य काम करत होता, रद्द करायची गरजच नव्हती.

आता खरी गंमत पुढे आहे. फ्लाइट डायरेक्टर जीन क्रान्झनी बेल्सला काढून टाकलं नाही, की 'आत्मविश्वास ठेव रे' असं भाषणही दिलं नाही. त्यांनी काम दिलं: असे जेवढे अलार्म असतील तेवढे सगळे शोधा, आणि प्रत्येकावर काय करायचं ते लिहून काढा. गार्मनने हाताने यादी लिहिली आणि टेबलावरच्या काचेखाली सरकवून ठेवली.

२० जुलै १९६९. 'ईगल' चंद्रापासून सुमारे ३३ हजार फुटांवर असताना अलार्म वाजला, १२०२! अर्थ असा, की कॉम्प्युटरवर कामाचा बोजा जास्त झालाय. एका रडारमुळे प्रोसेसरचा वेळ फुकट जात होता. पण एमआयटीच्या मंडळींनी सॉफ्टवेअर असं लिहिलं होतं, की बोजा वाढला तर ते स्वतःला रीस्टार्ट करून बिनमहत्त्वाची कामं सोडून देई आणि उतरण्याचं काम चालू ठेवी. तेही जेमतेम २०४८ शब्दांच्या रॅमवर!

आर्मस्ट्राँगने विचारलं, हा अलार्म कसला? गार्मनने यादी पाहिली आणि बेल्सला सांगितलं, सतत येत नसेल तर चिंता नाही. बेल्सने पुढे जायला सांगितलं. अलार्म वाजल्यापासून अर्ध्या मिनिटात उत्तर चंद्राजवळ पोचलं होतं. नंतर १२०१ सुद्धा आला, पण आता तो ओळखीचा होता. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या हस्ते संपूर्ण टीमच्या वतीने सन्मान स्वीकारला तो याच बेल्सने.

रेकॉर्डिंग ऐकलंत तर बेल्सचा आवाज ताणलेला जाणवतो. म्हणजे भीती गेली नव्हती हो! दोन आठवड्यांत त्याचा स्वभावही बदलला नसणार. बदललं होतं ते एवढंच, की 'मला जमेल का?' या प्रश्नाच्या जागी 'यादीत काय लिहिलंय?' हा प्रश्न आला होता. पहिल्याला उत्तर नसतं. दुसऱ्याला असतं.

म्हणून टीममधलं एखादं नवीन पोर गप्प बसलेलं दिसलं, तर त्याला धीर देण्यापेक्षा यादी करायला बसवावं. आणि ते पोर आपणच असलो, तर कोणी सांगायची वाट कशाला बघायची?