वारस घडवावा लागतो

जाणता शेतकरी आपल्या हयातीतच पोराच्या हाती रुमणे देतो. तास वाकडे गेले, तर शेजारी उभा राहून सरळ करून घेतो. कारखानदारीचेही तसेच आहे.

१९०४ च्या मे महिन्यात जमशेटजी टाटा जर्मनीत वारले. पोलादाचा कारखाना आणि पाण्यापासून वीज, दोन्ही स्वप्ने अपुरी होती. मग ती बुडाली का? नाही. थोरले चिरंजीव दोराबजी नुसते नावाचे वारस नव्हते. वडील असतानाच ते वेल्ड या भूगर्भशास्त्रज्ञाबरोबर, तेव्हा मध्यप्रांतात असलेल्या चांदा जिल्ह्याच्या रानात, लोखंड धुंडाळीत हिंडले होते. तिथे बेत जमला नाही. पण काम अंगात मुरले. १९०७ साली कंपनी उभी राहिली, १९१२ साली साकचीला पोलाद निघाले आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली.

पुढे १९३८ साली चौतीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा अध्यक्ष झाले. ते आधीच्या अध्यक्षांचे पुत्र नव्हते. पण १९२५ पासून पेढीत उमेदवारी करून तयार झालेले होते.

तेव्हा मंडळी, शाळा असो की गावची सोसायटी, किल्ल्या कमरेला लावून बसू नये. ‘माझ्यामागून कोण?’ हे हातपाय चालताहेत तोवरच विचारावे, आणि त्याला आजच कामाला जुंपावे.