बुटातला हिवाळा

दर वर्षी दिवाळी उलटली की जानेवारीतल्या चादर ट्रेकला किंवा लडाखला निघालेली दोन-चार मुलं माझ्याकडे येतात. युद्धांचा इतिहास वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, हे त्यांना कुणाकडून तरी कळलेलं असतं. प्रश्न ठरलेला असतो : "काका, लष्कराचे जुने बूट कोणते घ्यावेत?" गिर्यारोहणाचे नवे बूट खिशाला परवडत नाहीत, आणि लष्कराचा माल म्हणजे दणकट, असा साधा हिशेब. सह्याद्री हंटर शूजवर पालथा घालणाऱ्या आमच्या पिढीचाही तोच हिशेब होता आणि सह्याद्रीपुरता तो बरोबरही होता. पण हंटर शूज हा चिखलाचा, जंगलाचा बूट. उणे वीस अंशांत त्याचं कापड ओलं झालं की पायाला बर्फाची पट्टी बांधल्यासारखंच.

या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक गोष्ट मला फार पूर्वीच जाणवली. लष्करी बूट नुसत्या 'थंडी'साठी बनत नाही. तो एका विशिष्ट थंडीसाठी बनतो, आणि बहुधा त्या थंडीनं आधीच्या एखाद्या मोहिमेत हजारो पाय नेलेले असतात. म्हणून बूट कोणत्या देशाचा, यापेक्षा तो कोणत्या हिवाळ्यानंतरचा, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

१९४१ चा हिवाळा घ्या. मॉस्कोच्या दिशेनं निघालेल्या जर्मन सैनिकाच्या पायात गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा कातडी मार्चिंग बूट होता. उत्तम कातडं, उत्तम शिलाई, आणि तळव्याला ठोकलेले लोखंडी खिळे. पक्क्या रस्त्यावर मैलोन् मैल चालायला याहून चांगला बूट नव्हता. रशियात मात्र तेच खिळे जमिनीतली थंडी थेट तळव्यापर्यंत पोहोचवू लागले. दुसरी अडचण मापाची. बूट पायाला नेमका बसेल असा दिलेला. थंडी वाढली तसे सैनिकांनी आत आणखी मोजे कोंबले, आणि घट्ट बुटात आधीच आकसलेल्या रक्तवाहिन्या पुरत्या दाबल्या गेल्या. गार पायाला जाड मोजा हवा, हे खरं. पण त्या मोज्याला जागा नसेल तर तो पायाचा वैरी ठरतो. त्या हिवाळ्यात जर्मन सैन्यात हिमदंशाची लाखाहून अधिक प्रकरणं झाली. डिसेंबरात गोबेल्सनं जर्मन जनतेला लोकरी आणि फरचे कपडे दान करण्याचं आवाहन केलं. पहारेकऱ्यांसाठी गवताचे अवजड जोडे विणले गेले, ते बुटावरून चढवून एका जागी उभं राहायचं. पुढच्या वर्षी या मोहिमेचं पदक निघालं, तेव्हा सैनिकांनी त्याचं नाव ठेवलं 'गोठलेल्या मांसाचं पदक'. सैनिकांचा विनोद कोणत्याही देशात असाच असतो.

समोरच्या सोव्हिएत सैनिकाकडे वालेंकी होती. वालेंकी म्हणजे मेंढीची लोकर कुटून, दाबून केलेला अखंड बूट. ना शिवण, ना खिळा. शहरी माणसाला तो घोंगडीचा पाईप वाटेल. त्याचे कातडी बूटही सैल मापाचे असत, आत पेंढा नाहीतर वर्तमानपत्राचा कागद भरायला जागा राहावी म्हणून. हे शहाणपण कुठल्या प्रयोगशाळेतून आलं नव्हतं, ते तिथल्या खेड्यांतलं होतं. मात्र वालेंकीचं राज्य फक्त कोरड्या थंडीत. वितळत्या बर्फात ती पाणी पिते आणि मग निरुपयोगी होते. वरून रबरी गलोश चढवल्याखेरीज तिथे तिचा उपयोग नाही.

ओली थंडी आणि कोरडी थंडी यांतला हा फरक आपल्याला सहज सुचत नाही, कारण आपल्या मनात 'थंडी' एकच. तापमान शून्याच्या आसपास घुटमळतं, चिखल दिवसा वितळतो नि रात्री गोठतो, ती ओली थंडी. साधारण उणे दहाच्या खाली बर्फ पिठासारखा कोरडा होतो, ती कोरडी. पायांची हानी ओल्या थंडीतही भयंकर होते, आणि ती शून्याच्या वर असतानाही होऊ शकते. पहिल्या महायुद्धातलं 'ट्रेंच फूट' हे त्याचंच नाव. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युरोपातल्या अमेरिकी सैन्याला हा धडा पुन्हा गिरवावा लागला. जनरल ब्रॅडलींनी थंडीच्या कपड्यांपेक्षा दारूगोळा आणि इंधन पुढे धाडण्याला प्राधान्य दिलं होतं. तो जुगार होता, हे त्यांनी पुढे आत्मचरित्रात मान्य केलं. थंडीनं जायबंदी झालेल्यांचा आकडा चाळीस हजारांच्या वर गेला.

त्या ओल्या थंडीवर अमेरिकेचा उपाय होता 'शूपॅक'. खाली रबर, वर कातडं, आत नमद्याचा तळवा. पाणी आत येत नाही. हाच बूट घेऊन अमेरिकी मरीन सैनिक १९५० च्या नोव्हेंबरात उत्तर कोरियातल्या चोसिन जलाशयापाशी पोहोचले. तिथे तापमान उणे तीसच्या आसपास. चढावर चालताना पाय घामानं थबथबत, कारण रबरातून घाम बाहेर जाणार कुठे? मग खंदकात थांबलं की तोच घाम मोज्यात आणि नमद्यात गोठे. बाहेरच्या पाण्यापासून पाय वाचवणाऱ्या बुटात पायाच्याच पाण्यानं घात केला. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगानं उष्णता वाहून नेतं. घामाचे दोन-चार चमचेही पुरेसे होतात ते त्यामुळे. हिमदंश झालेल्या मरीन सैनिकांची संख्या हजारांत गेली. समोर चीनची नववी सेनातुकडी होती, तिच्यातल्या अनेकांच्या पायात पातळ रबरी तळव्याचे कापडी जोडे. चिनी आकड्यांप्रमाणेच त्यांचे सुमारे तीस हजार सैनिक हिमदंशानं निकामी झाले. या लढाईवर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण तिच्यातला निम्मा पराभव पायांचा होता हे क्वचितच ठसवून सांगितलं जातं.

यातूनच माझ्या मते विसाव्या शतकातला सर्वांत हुशार लष्करी बूट जन्मला. १९५१-५२ च्या हिवाळ्यात तो कोरियात आला. काळा, फुगीर, बेढब. सैनिकांनी लगेच नाव दिलं 'मिकी माउस बूट'. पुढे अधिक कडक थंडीसाठी त्याचा पांढरा भाऊ आला, तो 'बनी बूट', उणे पन्नासच्या आसपासच्या थंडीसाठी. त्याची कल्पना उलटी होती. घाम बाहेर काढण्याचा नादच सोडून द्यायचा. रबराच्या दोन थरांमध्ये लोकर हवाबंद कोंडायची. बाहेरचं पाणी लोकरीला लागत नाही, आतला घामही लागत नाही. पाय ओला होतो, पण ऊब धरणारी लोकर कोरडीच राहते, म्हणून पाय ओला असूनही गरम राहतो. बुटात पाणी शिरलं तर ओतून टाका, मोजा पिळा, पुन्हा घाला. अट एवढीच की रोज पाय पुसून, मोजे बदलून कातडीला हवा द्यायची. बुटाच्या बाजूला एक छोटी झडप असते. विमानात हवेचा दाब कमी झाला की कोंडलेली हवा फुगून बूट फाटू नये, म्हणून ती उघडायची आणि जमिनीवर उतरलं की बंद करायची.

अलास्कात आजही साधी माणसं हेच जुने बूट विकत घेऊन हिवाळा काढतात. घेताना पारख सोपी आहे : झडपेतून हवा भरायची, बूट पाण्यात बुडवायचा आणि बुडबुडे येतात का पाहायचं. रबराला टाचणीएवढं भोक असलं तरी आतली लोकर भिजते आणि ती पुन्हा सहज वाळत नाही. चादरवर जाणारे झंस्कारी लोक गमबूट घालतात, आणि शहरी ट्रेकरही लेहमध्ये तेच विकत घेतात, हे मला या संदर्भात फार बोलकं वाटतं. बर्फावर वाहणाऱ्या घोटाभर पाण्यात कातडी बुटाचा रुबाब काय कामाचा?

आपल्या सैन्याच्या पायांची कथा १९६२ पासून सांगायला हवी. ऑक्टोबरात नामका चू नदीकाठी सातव्या ब्रिगेडचे जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते. त्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी युद्धकैदेतून सुटून आल्यावर लिहिलेल्या 'हिमालयन ब्लंडर'मध्ये ही दैना नोंदवून ठेवली. १८ नोव्हेंबरला सोळा हजार फुटांवरच्या रेझांग ला इथे तेरा कुमाऊंची तुकडी लढली, आणि तिच्यातल्या जवानांचे देह पुढच्या फेब्रुवारीत बर्फात गोठलेले सापडले, काहींच्या हाती शस्त्र तसंच होतं. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचं आपण अजून अभिमानानं सांगतो. जवानांसाठी घरोघर स्वेटर विणले गेले, सोनं दिलं गेलं. त्या भावनेबद्दल मला आदरच आहे. पण स्वेटर आजीला विणता येतो, उणे वीसमधला बूट विणता येत नाही. त्याला कारखाना, चाचण्या आणि वर्षानुवर्षांची तयारी लागते, आणि नेमकी तीच नव्हती.

बावीस वर्षांनी, १३ एप्रिल १९८४ ला, कॅप्टन संजय कुलकर्णी हेलिकॉप्टरमधून बिलाफोंड ला जवळ उतरले आणि सियाचेनची मोहीम सुरू झाली. त्यासाठीचे बर्फातले कपडे युरोपातून मागवावे लागले होते, आणि ते पोहोचले आदल्या दिवशी. तेव्हापासून तिथे गोळीपेक्षा हवामानानं जास्त माणसं नेली आहेत.

फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या नियंत्रक व महालेखापालांच्या अहवालात एक परिच्छेद आहे. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात अतिउंचीवरच्या जवानांना बहुउपयोगी बूट मिळाले नाहीत आणि होते तेच बूट पुन्हा वापरात आणावे लागले, असं त्यात नोंदवलं आहे. एकाच्या पायाचा आकार घेतलेला, एकाच्या घामानं भिजून वाळलेला बूट दुसऱ्याच्या पायात. अहवालाची भाषा कोरडी असते, पण १९४१ चा हिवाळा वाचलेल्या माणसाला ते वाक्य वाचून चटकन पुढे जाता येत नाही.

म्हणून "दुकानदार म्हणतोय सियाचेनचा माल आहे," असं एखाद्या मुलानं सांगितलं, की मी त्याला हा परिच्छेद वाचायला देतो. जे बूट सैन्यालाच पुरत नव्हते, ते उरून बाजारात कुठून येतील, ते त्यानंच ठरवावं. मग दोन लोकरी मोजे घालून, बूट चढवून, उभं राहून पायाची पाचही बोटं हलतात का ते पाहायला सांगतो. तळवा अंगठ्यानं दाबायला सांगतो, कारण वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिलेला फोमचा तळवा वरून नवा दिसतो आणि तिसऱ्या दिवशी वाटेत भुगा होऊन पडतो. आणि बोटं हलत नसतील, तर बूट कितीही स्वस्त असला तरी परत कर, म्हणून सांगतो.