चार मीटरच्या आतली गरज

२०२५च्या दिवाळीच्या सुटीत आमच्या घरात एकच विषय चालू होता. आम्ही उभयता महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघांची महाविद्यालये शहराच्या दोन टोकांना, घरात ऐंशी पार केलेल्या आई, आणि गाव दीडशे किलोमीटरवर, शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा. चौदा वर्षे सोबत केलेली लहान मोटार आता दर महिन्याला काहीतरी मागू लागली होती. नवी घ्यायची हे ठरले. परंतु कोणती, हे ठरेना. एका सहकाऱ्यांनी 'आता घ्यायची तर एसयूव्हीच' असा निर्वाळा दिला. दुसऱ्यांनी 'हायब्रीड सोडून दुसरे काही घ्याल तर पस्तावाल' असे बजावले. दोघांनीही निरोप घेताना एकच वाक्य उच्चारले : शेवटी तुमची गरज काय ते पाहा.

हे वाक्य आम्हांला सोपे वाटले होते. गरज म्हणजे घरातली गोष्ट, ती आपल्याला ठाऊक असणारच. पण जसजशी माहितीपत्रके चाळली, करांचे आकडे पाहिले आणि जुन्या आठवणी उकरल्या, तसतसे लक्षात येऊ लागले की आपण ज्याला 'आमची गरज' म्हणतो तिचा बराचसा मसुदा घराबाहेर लिहिला गेला आहे. तो कधी परवाना देणाऱ्या कचेरीत लिहिला गेला, कधी अर्थसंकल्पात, कधी रस्ता नसलेल्या गावात. मोटार निवडण्याचा इतिहास हा या मसुद्याचा इतिहास आहे, आणि प्रस्तुत लेखात तोच थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आरंभ शब्दापासून करू. मराठीत 'गाडी' या शब्दाला आकारमान नाही. बैलगाडी, आगगाडी, मोटारगाडी ही सारी त्याचीच लेकरे. परंतु ज्या काळी गाडी म्हणजे बैलांची गाडी, त्या काळी कामानुसार नावे पक्की होती. विदर्भात ओझ्याची बंडी निराळी आणि माणसांना बसण्याची दमणी निराळी. बंडीत बसून पाहुणे आले तर ती अडचण समजली जाई, ऐट नव्हे. वस्तूचे नाव तिच्या कामावरून पडत होते तोवर 'गरज काय' हा प्रश्न विचारावा लागत नव्हता. नावातच उत्तर होते. आज आपण 'एसयूव्ही' म्हणतो तेव्हा त्या तीन अक्षरांत काम कोणते सांगितले आहे, हे विचारून पाहावे. बहुतेकांना सांगता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत तर निवडीचा प्रश्नच नव्हता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट बाहेर पडू लागली. बंगालमधील उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून अँबॅसडर घडवली. परदेशी कंपन्यांनी नुसती जुळणी करू नये, येथे उत्पादन करावे, असे धोरण १९५३च्या सुमारास ठरले आणि फोर्ड व जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. मध्यमवर्गासमोर उरल्या जेमतेम दोन-तीन मोटारी, त्याही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळणाऱ्या. अशा वेळी माणूस गरजेनुसार मोटार निवडत नव्हता. मिळालेल्या मोटारीनुसार गरज बेतून घेत होता. अँबॅसडर सरकारी अधिकाऱ्याची आणि फियाट डॉक्टरची, ही विभागणी आमच्या पिढीने लहानपणी पाहिली आहे. पुढे पद्मिनी झालेली हीच फियाट मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून टिकून राहिली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली.

या काळात एकच वाहन असे होते की ज्याने खऱ्याखुऱ्या गरजेतून जागा मिळवली. ते म्हणजे जीप. १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झालेल्या कंपनीतील गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले, आणि युद्धासाठी अमेरिकेत जन्मलेली विलीज जीप मुंबईत जुळवली जाऊ लागली. पाटबंधारे खाते, वनखाते, पोलीस ठाणे, साखर कारखाना या साऱ्यांची ती गाडी. पुढे याच जातीच्या गाड्यांनी एसटी न पोहोचणारी गावे जोडली. पश्चिम महाराष्ट्रात तिला वडाप म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यात काळीपिवळी. मागच्या दोन समोरासमोरच्या बाकांवर आणि पुढे चालकाच्या मांडीला मांडी लावून पंधरा-सोळा माणसे, वर कोंबड्यांची टोपली आणि शाळेची दप्तरे. बजाज टेम्पोची ट्रॅक्स असो, महिंद्राची कमांडर असो की १९९४ साली आलेली टाटांची सुमो, या गाड्यांची उंची ऐटीसाठी नव्हती, खड्ड्यांसाठी होती. 'उंच गाडी' हा महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनातला गरिबांच्या प्रवासाचा शब्द होता, हे आजच्या जाहिराती पाहणाऱ्याला सांगूनही खरे वाटणार नाही.

दुसरा प्रवाह 'स्वस्त' या शब्दाचा. सामान्यांना परवडेल अशी मोटार येथे व्हावी, ही शिफारस १९५९-६०च्या सुमारास एल. के. झा यांच्या समितीने केली होती. ती रस्त्यावर यायला १४ डिसेंबर १९८३ उजाडावा लागला. त्या दिवशी ७९६ सीसीच्या मारुतीच्या पहिल्या किल्ल्या इंदिरा गांधींच्या हस्ते देण्यात आल्या. मारुतीला कोणी 'स्वस्त' म्हणून हिणवले नाही, कारण ती आधुनिकही होती. याउलट २००८ साली दाखवलेल्या आणि २००९ साली बाजारात आलेल्या नॅनोचे झाले. स्कूटरवर पावसात भिजत जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना ती सुचली, आणि एक लाखाचे लक्ष्य ठेवून ती घडवली गेली. परंतु जगातली सर्वांत स्वस्त मोटार हीच तिची ओळख ठरली, आणि तीच तिला भोवली. ती अशी विकली गेली ही चूक झाली, असे पुढे टाटांनीही म्हटले. 'परवडणारी' हे विशेषण घेणाऱ्याच्या हिशेबाचे असते, 'स्वस्त' हे वस्तूच्या लायकीचे. ज्या कुटुंबाला नॅनो परवडत होती त्याला स्वतःला स्वस्त म्हणवून घ्यायचे नव्हते. शब्दांच्या छटा शिकवणाऱ्या आम्हां शिक्षकांना याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

आता येतो तो या इतिहासातला निर्णायक आकडा. २००६च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी लहान मोटारींवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला. लहान म्हणजे कोणती? लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा अधिक नको आणि इंजिन पेट्रोलचे १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलचे १५०० सीसीपर्यंत. ही व्याख्या कर आकारण्यासाठी लिहिली होती, पण तिने मोटारींचे देह बदलले. २००८ साली टाटांनी इंडिगोची पाठ छाटून तिला चार मीटरच्या आत बसवले. २०१२ साली मारुतीची डिझायर ३९९५ मिलिमीटरची झाली. फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ साली आली ती ३९९९ मिलिमीटरची. एक मिलिमीटर राखून! २००० सालापासून खेड्यापाड्यांत राबणाऱ्या बोलेरोचीही २०१६ साली चार मीटरच्या आत बसणारी आवृत्ती निघाली. ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू ही सारी मंडळी याच मापाची. आज ज्याला आपण 'लहान एसयूव्ही' म्हणतो तो प्रकार कुटुंबाच्या इच्छेपेक्षा करवसुलीच्या फूटपट्टीतून अधिक जन्मला आहे.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत १९७५च्या ऊर्जा कायद्यानंतर मोटारींना इंधनबचतीचे कडक निकष लागले, पण हलक्या ट्रकांना सौम्य. शेतकऱ्यांचे आणि कारागिरांचे वाहन म्हणून दिलेली ही सवलत ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या कौटुंबिक गाड्यांच्या पथ्यावर पडली, आणि १९९०च्या दशकात तेथील उपनगरे एसयूव्हींनी भरून गेली. आपल्याकडे २०१३च्या अर्थसंकल्पाने उलट दिशेने जाऊन एसयूव्हीवर ज्यादा कर बसवला. मग एसयूव्ही म्हणजे काय हे सांगणे आले. चार मीटरहून लांब, १५०० सीसीहून मोठी आणि जमिनीपासून किमान १७० मिलिमीटर उंच, असे ठरले. त्याबरोबर महिंद्राने आपल्या एक्सयूव्ही ५००चा एक प्रकार २०० मिलिमीटरवरून १६० वर उतरवला. गाडी तीच, पण कायद्याच्या दृष्टीने ती आता एसयूव्ही राहिली नाही. व्याख्येच्या कडेवर उभे राहण्याची ही कला साहित्यप्रकारांचा अभ्यास करणाऱ्यांना अपरिचित नाही.

हायब्रीडची कथा याच्याशीच गुंफलेली आहे. पेट्रोल आणि वीज एकत्र जुंपण्याची कल्पना नवी नव्हे. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० साली तसे वाहन बनवले होते. ती रोजच्या वापरात आणली टोयोटाच्या प्रायसने, डिसेंबर १९९७मध्ये, जपानात. तत्त्व साधे आहे. ब्रेक दाबल्यावर जी गती एरवी उष्णता होऊन वाया जाते, ती बॅटरीत साठवायची आणि पुन्हा निघताना वापरायची. त्यामुळे सिग्नलासिग्नलाला थांबणाऱ्या शहरी वाहतुकीत हायब्रीडचा लाभ अधिक, आणि एकसुरी महामार्गावर कमी. भारतात २००८ साली होंडाने सिव्हिक हायब्रीड आणली, पण वीस लाखांच्या पुढची ती गाडी सामान्यांच्या आवाक्यातली नव्हती. २०१५ साली सरकारने विजेवरच्या वाहनांना साहाय्य देण्याची योजना आणली तेव्हा इंजिनाला जेमतेम हातभार लावणाऱ्या सौम्य हायब्रीडांनाही अनुदान मिळाले. २०१७च्या एप्रिलपासून ते थांबले. त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला आणि मोठ्या हायब्रीडवर उपकरासह ४३ टक्के कर बसला. २०२२ साली ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या जुळ्या बहिणी आल्या तेव्हा कुठे खरी हायब्रीड मध्यमवर्गाच्या तोंडी आली. २२ सप्टेंबर २०२५पासून लहान मोटारींवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के कर लागू झाला. हायब्रीड असणे हा आता वेगळा गुण राहिला नाही. लांबी आणि सीसी पाहूनच दर ठरतो, आणि या जुळ्या बहिणी चार मीटरच्या बाहेरच्या.

एवढा इतिहास वाचून झाल्यावर आम्ही वही काढली. हिशेब असा मांडला. साधी पेट्रोल गाडी लिटरला १६ किलोमीटर आणि हायब्रीड २४ किलोमीटर देते असे धरू. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरू. हायब्रीडसाठी तीन लाख अधिक मोजावे लागतात असे धरू. महिन्याला अडीच हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला सुमारे साडेबासष्ट हजार वाचतात आणि पाच वर्षांच्या आत तीन लाख वसूल होतात. हजार किलोमीटरवाल्याला बारा वर्षे लागतात. आम्ही मागच्या सहा महिन्यांच्या पावत्या तपासल्या. आमचे महिन्याचे फिरणे निघाले सहाशे किलोमीटर, म्हणजे वीस वर्षे! पर्यावरणाचे मोल या वहीत येत नाही, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. पण सहाशे किलोमीटरवाल्याने थोडे आणखी बसने जावे, हा त्यावरचा कमी खर्चाचा उपाय आहे, हेही मान्य करायला हवे.

वहीतून आणखी एक गोष्ट उघड झाली. गावचा कच्चा रस्ता, ज्याच्या नावाने आम्ही मोठ्या एसयूव्हीकडे पाहत होतो, तो आम्ही वर्षातून चारदा तुडवतो. गाडीत बहुतेक दिवस एकच माणूस असतो. आठवड्यातून एकदा मात्र आईंना रुग्णालयात न्यावे लागते. जुन्या गाडीत बसताना त्यांना खाली वाकावे लागे, आणि उतरताना दोघांनी धरावे लागे. या गोष्टीचा उल्लेख कोणत्याही सहकाऱ्याने केला नव्हता, आम्हीही नाही. आईंनी तर कधीच नाही. त्या फक्त 'आज राहू दे, पुढच्या आठवड्यात जाऊ' म्हणत असत.

मग आम्ही शिवणकामाची टेप घेऊन दुकाने फिरलो. कायद्याने मोटार आणि जमीन यांतले अंतर मोजले आहे. आम्ही आसन आणि जमीन यांतले मोजले, आणि ते आईंच्या गुडघ्याशी ताडून पाहिले. फार उंच गाडीत त्यांना चढावे लागत होते, फार बुटकीत बुडावे लागत होते. तिसऱ्या दुकानात एका गाडीत त्या कोणाचा हात न धरता बसल्या, आणि 'ही बरी आहे' एवढेच म्हणाल्या. आम्ही तीच नोंदवली. पेट्रोलची, साधी, हायब्रीड नव्हे.

घरी येऊन माहितीपत्रक पुन्हा उघडले तेव्हा लांबीच्या रकान्यात आकडा होता ३९९५ मिलिमीटर.