नवा मासा, जुनी टाकी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण सांगायला जरा लाजच वाटते. घरातली खाऱ्या पाण्याची टाकी, तीन वर्षं जपलेली, आतली प्रवाळं मस्त वाढलेली... आणि सध्या तिच्यात एकही मासा नाही.

झालं असं, की एक निळा टँग आणला. ('डोरी' म्हटलं की घरातली पोरं लगेच ओळखतात!) पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी थेंब थेंब मिसळत तासभर बसलो, क्षारतेतला फरक त्याला सोसावा म्हणून. मग दिला सोडून. आठव्या दिवशी त्याच्या अंगावर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके दिसले. पंधरवड्यात तो गेला, आणि पाठोपाठ आमच्या जुन्या क्लाउनफिशच्या जोडीतला नरही. चुटपुट लागली म्हणून मत्स्यालयांचा इतिहास वाचत बसलो. तेव्हा कळलं, की माणसं जे टप्प्याटप्प्याने शंभरेक वर्षांत शिकली, त्यातला पहिला धडा तेवढा मी गिरवला होता.

पहिला धडा पाण्याचा. १८४६ साली ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की गावाहून काही जिवंत प्रवाळं लंडनला आणली. वाटेत आपटू नयेत म्हणून सुईदोऱ्याने स्पंजला टाचून! लंडनमध्ये समुद्र कुठला? मग त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून अर्धा-पाऊण तास तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची, म्हणजे त्यात हवा मिसळेल. पुढे बाईंनी समुद्री शेवाळ आणून ठेवलं. जवळजवळ तीन वर्षं ती प्रवाळं जगली.

दुसरा धडा सोबतीचा. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने आपला प्रयोग मांडला. तो गोड्या पाण्यातला होता. दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती. वनस्पतीची पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं, तेव्हा त्याने त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी निवळलं. मला हे फार आवडलं. नवा पाहुणा आणताना तो दिसतो किती छान, हे त्याने बघितलं नाही. टाकीला काय हवंय ते बघितलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं, आणि घरोघरी टाक्यांची हौस पसरली.

तिसरा धडा रोगाचा. माझ्या टाकीतल्या ठिपक्यांचं वर्णन जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ सालीच केलं होतं. १९५१ मध्ये ब्राउन यांनी त्या परजीवीला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स असं नाव दिलं. हा जीव माशाच्या कातडीत काही दिवस राहतो, मग गळून पडतो आणि दगडावाळूला चिकटून कवच करतो. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, त्यातून शेकडो पिल्लं नवा मासा शोधत बाहेर पडतात. ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असं अजिबात नाही!

यावर तांब्याचं औषध चालतं. पण इथे चौथा धडा आडवा येतो. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी 'ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट' या मासिकात आपली पद्धत सांगितली: जिवंत दगड, जिवंत प्रवाळं आणि हवेचे बुडबुडे, बाकी काही नको. प्रवाळांच्या टाकीची हौस या वाटेने वाढली. आणि तांब्याने तर प्रवाळं, कोळंबी, गोगलगायी सगळंच मरतं. म्हणजे भरल्या टाकीत औषध घालताच येत नाही. उपचार करायचा तो मासा आत जाण्याआधी, वेगळ्या टाकीत.

हे तर १३७७ सालीच रागुझा, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिक बंदराने ओळखलं होतं. प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबवायचे. पुढे त्याचे ४० झाले, आणि चाळीस या इटालियन शब्दावरून 'क्वारंटाइन' आलं. २०२० साली आपण सगळे घरात कोंडून बसलो होतो. तरी दुकानातून आणलेला मासा मी सरळ टाकीत सोडला. तासभर पाणी जुळवलं, पण पाहुणा सोबत काय घेऊन आलाय ते विचारलंच नाही.

आता मोठी टाकी अडीच महिने माशांशिवाय ठेवायची आहे, म्हणजे परजीवी उपाशी मरतील. क्लाउनची मादी वाचली. ती शेजारच्या साध्या टाकीत औषधात आहे. पुढचा मासा आला की आधी महिनाभर वेगळा राहील. मग दगड थोडे हलवून, दिवे मालवून आत जाईल, म्हणजे जुन्या मालकिणीला 'ही जागा माझी' म्हणून त्याच्या अंगावर धावून जाता येणार नाही.

लेक रोज विचारते, निमोला नवा मित्र कधी आणायचा? तिला म्हटलं, आधी तिला बरी होऊ दे.