टिप : दानत, दस्तूर आणि दरमहा

दिवाळीच्या दिवसांत पोस्टमन, गुरखा, झाडूवाली यांच्या हातावर जे ठेवले जाई, त्याला जुन्या मराठी घरांतून ‘पोस्त’ म्हणत. लग्नकार्यात आचाऱ्याला, सनईवाल्याला ठरलेल्या बिदागीवर जे मिळे ते ‘बक्षीस’. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. कचेरीत मात्र हीच गोष्ट ‘चहापाणी’ या नावाने वावरते आणि तेथे तिचा अर्थ पार पालटतो. (प्रस्तुत लेखकाची सारी हयात सरकारी नोकरीत गेल्याने या तिसऱ्या शब्दाचे अधिक विवरण त्याजकडून अपेक्षिले जाऊ नये.) मौज अशी की, अनेक भाषांनी या पैशाला पिण्याशीच जोडले आहे. फ्रेंच ‘पूरबुआर’ म्हणजे पिण्यासाठी, जर्मन ‘ट्रिंकगेल्ड’ म्हणजे पिण्याचा पैसा, रशियन ‘ना चाय’ म्हणजे चहासाठी आणि पोर्तुगीज ‘गोर्जेता’ तर घशावरूनच आलेला. इंग्रजी ‘टिप’ ही तत्पर सेवेविषयीच्या तीन-चार शब्दांची आद्याक्षरे होत, असे अनेकजण मोठ्या विश्वासाने सांगतात. ती दंतकथा आहे. सतराव्या शतकातील इंग्लंडात चोराचिलटांच्या बोलीत ‘देणे, हाती सरकवणे’ या अर्थाने हे क्रियापद वापरात होते. त्यातूनच पुढे हा अर्थ रूढ झाला.

इंग्लंडातील श्रीमंतांच्या वाड्यांत पाहुणा निरोप घेऊ लागला की नोकरचाकर दाराशी रांगेने उभे राहत आणि प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवल्यावाचून सुटका नसे. या पैशाला ‘वेल्स’ म्हणत. अठराव्या शतकाच्या मध्यास ही प्रथा इतकी डोईजड झाली की, बेताच्या प्राप्तीचे लोक मेजवानीचे निमंत्रण स्वीकारताना विचार करू लागले. जोनास हॅनवे या गृहस्थाने तिच्याविरुद्ध लेखणी उचलली. ती बंद करण्याचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हा १७६४ मध्ये लंडनच्या रॅनेला उद्यानात नोकरांनी दंगा केला. नोकरांचेही अगदीच चुकत नव्हते. मालक पगार कमी देत, तो या पैशाच्या भरवशावर. पाहुण्याच्या खिशातून आपल्या नोकराचा दरमहा भागवण्याची ही युक्ती पुढे किती दूरवर गेली, ते अमेरिकेत पाहावयास मिळते.

अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर तेथील धनिक युरोपच्या वाऱ्या करू लागले आणि येताना टिप देण्याची ऐट सोबत घेऊन आले. पण ऐटीने प्रथा येते, ती टिकते पैशाच्या हिशेबाने. १८६७ मध्ये जॉर्ज पुलमन याने शयनयानांची कंपनी काढली. त्या डब्यांत प्रवाशांची बिछायत घालणे, बूट चमकवणे, सामान वाहणे, रात्री-अपरात्री घंटा वाजताच धावणे, यासाठी त्याने नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना नेमले. पगार नाममात्र, पोट भरायचे ते प्रवाशांच्या टिपांवर. महिन्याला सुमारे ४०० तास किंवा ११,००० मैल असे कामाचे माप होते. बुटांना लावायचे पॉलिशही पोर्टरने पदरचे आणायचे. प्रवासी या साऱ्यांना एकाच नावाने हाक मारीत : ‘जॉर्ज’. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखण्याची जुनी रीतच ही, फक्त आता रुळांवरून धावू लागलेली. या हाकेविरुद्ध एक मंडळही स्थापन झाले होते, पण ते काढले जॉर्ज नावाच्या गोऱ्या गृहस्थांनी! आपल्या नावाची अप्रतिष्ठा होते, ही त्यांची विनोदाने मांडलेली तक्रार.

१९१५ मध्ये औद्योगिक संबंधांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगापुढे या कंपनीच्या वतीने साक्ष द्यायला रॉबर्ट टॉड लिंकन आले. हे अब्राहम लिंकन यांचे चिरंजीव. पुलमननंतर कंपनीची धुरा त्यांच्याकडे आली होती. पोर्टरचा पगार तेव्हा महिना २७ डॉलर ५० सेंट होता, आणि उरलेली भरपाई प्रवासी करतात हे उघडच होते. ज्या पित्याने गुलामांना मुक्त केले त्याच्याच पुत्राने त्या मुक्तांच्या पगाराचा हा हिशेब मांडावा, याहून बोलका प्रसंग टिपेच्या इतिहासात मला तरी दुसरा दिसत नाही.

टिपेला त्या देशात विरोध झाला नाही असे नाही. समतेचा उद्घोष करणाऱ्या राष्ट्रात एका नागरिकाने दुसऱ्यापुढे तळहात पसरावा, हे अनेकांना खटकत होते. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपबंदीचा कायदा केला आणि पुढील सहा वर्षांत मिसिसिपी, आर्कान्सा, आयोवा, साउथ कॅरोलिना व टेनेसी त्याच वाटेने गेले. १९१६ मध्ये विल्यम स्कॉट यांनी ‘द इचिंग पाम’ हे आख्खे पुस्तक या प्रथेविरुद्ध लिहिले. तथापि १९२६ पर्यंत हे सारे कायदे रद्द झाले. ज्या कायद्याचा भंग भोजनाच्या टेबलावर, दोघांच्या संमतीने आणि बशीखाली होतो, त्याची अंमलबजावणी करणार कोण?

पोर्टरांनी कायद्याची वाट पाहिली नाही. १९२५ मध्ये त्यांनी आपली संघटना उभारली आणि नेतृत्व ए. फिलिप रँडॉल्फ यांच्याकडे दिले. रँडॉल्फ स्वतः पोर्टर नव्हते, म्हणूनच कंपनीला त्यांना कामावरून काढता येणे शक्य नव्हते. बारा वर्षांच्या झगड्यानंतर, १९३७ मध्ये, कंपनीने करारावर सही केली. पगार वाढला आणि महिन्याचे तास ४०० वरून २४० वर आले.

उपाहारगृहांतील नोकरांच्या नशिबी हे आले नाही. १९३८ च्या किमान वेतनाच्या केंद्रीय कायद्यातून त्यांना वगळले होते. १९६६ मध्ये आत घेतले, पण अशी मेख मारून की, टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने निम्मेच किमान वेतन द्यावे. १९९१ पासून ती रक्कम तासाला २ डॉलर १३ सेंट आहे आणि १९९६ मध्ये तिचा किमान वेतनाशी असलेला दुवाच तोडण्यात आला. टिपा कमी पडल्यास तूट मालकाने भरावी असे कायदा म्हणतो. कॅलिफोर्नियासह सात राज्यांनी मात्र हा भेद ठेवलेला नाही. तेथे मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावे लागते. मुलाबाळांकडे अमेरिकेत जाऊन आलेल्या आपल्यापैकी अनेकांना बिलावर अठरा-वीस टक्के ठेवताना ‘ही कसली जुलुमाची दानत’ असे वाटून गेले असेल. ती दानत नव्हेच. तो त्या नोकराचा पगार असतो, मालकाऐवजी आपल्या हातून दिला जाणारा.

फ्रान्सने हा प्रश्न बिलातच मिटवला. तेथे १९८७ पासून दर्शविलेल्या किमतीत सेवेचा आकार धरलेलाच असतो. जपानात टेबलावर पैसे ठेवून निघालात तर वाढपी ते परत करायला मागे धावत येईल असे सांगतात. पण तेथील सराईंतही ‘चादाई’, म्हणजे चहाचा पैसा, देण्याची रीत एके काळी होती आणि ती बंद करण्यासाठी चळवळ करावी लागली. तेव्हा हा काही कुठल्या जातीचा अंगभूत गुण नव्हे. न्यूयॉर्कच्या डॅनी मेयर यांनी २०१५ पासून आपल्या उपाहारगृहांत टिप बंद करून पदार्थांचे दर वाढवले. पाचच वर्षांत, २०२० मध्ये, त्यांना माघार घ्यावी लागली. २०२५ मध्ये तेथील सरकारने टिपेच्या उत्पन्नावर वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत आयकराची वजावट दिली, तीही २०२८ पर्यंतच. तासाचे २ डॉलर १३ सेंट मात्र जागचे हलले नाहीत.

आपल्याकडे हा वाद ‘सर्व्हिस चार्ज’च्या रूपाने आला. ग्राहकाला न विचारता तो बिलात लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले. हॉटेलचालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. वाढप्याच्या पगाराचा प्रश्न त्या दाव्यात न्यायालयापुढे नव्हता.